परसातलं व्हिनेगर: भाद्रपद ते पौष, प्रकल्प नोंदी

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

कऱ्हाडजवळच्या आमच्या घरामागे पेरूची दोन झाडं आहेत. दोन्ही सरदार, म्हणजे लखनौ-४९. नाव लखनौचं असलं तरी या वाणाची निवड पुण्यात, गणेशखिंडच्या फळबागेत झाली. सध्या आंबे बहाराचं, म्हणजे पावसाळ्यात येणारं, शेवटचं फळ चाललंय. सकाळी झाडाखाली पाटीभर पेरू पडलेले असतात आणि त्यातल्या निम्म्यांत फळमाशीची अळी असते. पावसाचं फळ चवीला पाणचटच. गोड, घट्ट पेरू मृग बहाराचा, तो थंडीत येईल. तोवर हे फळ गाईला घालायचं नाहीतर खड्ड्यात टाकायचं, असंच आजवर चालत आलं.

यंदा त्याचं व्हिनेगर करायचं ठरवलंय. त्यामागे एक हिशेब आहे. दिवाळीच्या आसपास परसातल्या मिरच्या, काकड्या, तोंडली एकदम येतात आणि त्यातलं थोडंफार मी व्हिनेगरमध्ये मुरवते. त्यासाठी दुकानातून आणलेल्या पांढऱ्या बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असतं, म्हणजे अ‍ॅसेटिक आम्लात पाणी घातलेलं. आंबट होतं, पण चव एकसुरी, नुसती टोचणारी. परसातलाच माल परसातल्याच आंबटात टिकवता आला तर बघायचं.

मात्र टिकवणीला किती तीव्र व्हिनेगर लागतं, हे आधी नक्की हवं. अन्नसुरक्षेच्या नियमात व्हिनेगरला किमान ३.७५ टक्के आम्ल सांगितलंय. लोणच्यासाठी मी ५ टक्क्यांच्या खाली जाणार नाही. जिभेवर अंदाज बांधून भागणार नाही, शेवटी मोजायचंच.

रविवार, २९ सप्टेंबर

पेरू धुऊन, चिरून, अळीचा आणि काळा पडलेला भाग काढून टाकला. चांगला गर सहा किलो भरला. सासूबाईंनी निम्म्याहून जास्त चिरून दिले आणि चिरता चिरता बरे निघाले ते बाजूला काढून कोशिंबिरीला ठेवले.

शेजारच्या दादांकडून ब्रिक्स मीटर आणलं. उसाची तोड कधी घ्यायची हे बघायला ते शेतात वापरतात. काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आत आकडा वाचायचा. पेरूचा आकडा साडेनऊ आला. शंभर ग्रॅम रसात साधारण साडेनऊ ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ, त्यात बहुतेक साखर.

गर हाताने कुस्करला. उकळून गार केलेलं चार लिटर पाणी घातलं, कारण पेरूतल्या पेक्टिनमुळे नुसता गर खळीसारखा बसतो आणि पुढे गाळता येत नाही. पाणी घातल्यावर आकडा सहाच्या जरा खाली उतरला. मग त्याचे दोन सारखे भाग केले.

पहिली बरणी 'साधा पेरू': काही न घालता.
दुसरी बरणी 'पेरू-गूळ': ४०० ग्रॅम किसलेला गूळ, आकडा १२ पर्यंत चढेल इतका.

दोन्हींत बेकरीत वापरतात ते कोरडं यीस्ट, कोमट पाण्यात फुलवून, अर्धा अर्धा चमचा. झाकणं सैल ठेवली.

गूळ घालायचा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं, फळाचं करायचं तर फळाचंच करावं. मला वाटतं दोन्ही करून बघावं. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. साखर कमी तर अल्कोहोल कमी, आणि अल्कोहोल कमी तर आम्लही कमी. आंबटपणाचं माप सुरुवातीच्या गोडीतच ठरून जातं. ढोबळ हिशेब असा: ब्रिक्सच्या निम्म्याहून किंचित जास्त टक्के अल्कोहोल होतं, आणि पुढे एक टक्का अल्कोहोलामागे सगळं नीट जमलं तर जवळपास एक टक्का आम्ल मिळतं. प्रत्यक्षात काही उडून जातं, काही तसंच राहतं.

बुधवार, २ ऑक्टोबर

दोन्ही बरण्या फसफसतायत. गुळाची जास्त जोरात, साध्याचा जोर आता ओसरतोय. चोथा वर तरंगतो, तो दिवसातून दोनदा लाकडी चमच्याने खाली दाबते. वर कोरडा राहिला तर बुरशी धरते. घरभर पिकल्या पेरूचा आणि पावाचा मिसळलेला वास आहे.

हादगा फुललाय. फुलांतला मधला कडू दांडा काढून भाजी केली, वर ओलं खोबरं. वर्षातून जेमतेम महिनाभर ही भाजी मिळते, त्यामुळे रोज केली तरी कुणी तक्रार करत नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

फसफस थांबली. गोडी संपली, चव कोरडी आणि किंचित तुरट. धुतलेल्या मलमलीतून रस गाळला आणि चोथा पिळून घेतला. प्रत्येकी चार लिटर रस निघाला.

आता दुसरा टप्पा, आणि इथे सगळं उलटं करायचं. आतापर्यंत वारा नको होता, यापुढे वारा लागेल तेवढा हवा. अल्कोहोलचं आम्ल करणारे अ‍ॅसिटोबॅक्टर हे जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनवरच जगतात, म्हणून ते पृष्ठभागावर सायीसारखे पसरतात. ही साय जिवंत असते आणि तीच व्हिनेगर करते, हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं. म्हणजे भांडं उंच आणि अरुंद नको, पसरट तोंडाचं हवं. मी चिनी मातीच्या रुंद बरण्या घेतल्या आणि त्याही पाऊण भरल्या. पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम या कामात अजिबात चालत नाही. आम्ल धातू खातं आणि तो व्हिनेगरमध्ये उतरतो.

विरजण म्हणून गोव्याचं व्हिनेगर. नणंद म्हापशाला असते. तिने शुक्रवारच्या बाजारातून माडाच्या सुरीचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर पाच लिटरच्या कॅनमध्ये आणून दिलं, न उकळलेलं, न गाळलेलं, तळाशी गाळ असलेलं. रेंदेर माडावरून सूर उतरवतात, ती ठेवली की आपोआप आधी आंबते आणि मग आंबट होते. सोरपोतेल, रेशाद मसाला, चोरीस, तिकडच्या स्वयंपाकातलं कितीतरी याच आंबटावर उभं आहे. प्रत्येक बरणीत चार लिटर रसाला एक लिटर घातलं. इतकं घालायचं कारण नुसतं जिवाणू आणून सोडणं नव्हे. रस पहिल्यापासून आंबट झाला की बुरशी आणि पांढरी सुरकुतलेली साय धरणारी रानटी यीस्ट यांना थारा मिळत नाही.

तोंडावर दुहेरी सुती फडकं, सुतळीने घट्ट. चिलटं लगेच हजर झाली. त्यांना हा वास फार लांबून कळतो आणि साध्या गाळणीच्या जाळीतून ती सहज आत शिरतात. फडकं दाट विणीचंच हवं.

बरण्या कोठीच्या खोलीत ठेवल्या. अंधार आहे, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर २८–३० अंश राहतं. या जिवाणूंना हेच मानवतं. इतर वेळी नकोसा वाटणारा हा उन्हाळा या कामाला अगदी नेमका आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी झेंडू तोडला. दारांना तोरणं, अवजारांना हार, आणि पूजेत ब्रिक्स मीटरही ठेवलं.

मांडवावरून दोडके आणि पडवळ काढले. दोडक्याच्या शिरा तव्यावर तीळ, लसूण आणि सुक्या खोबऱ्याबरोबर कुरकुरीत परतून चटणी केली. दोडक्याच्या भाजीपेक्षा मला ही चटणी जास्त प्रिय आहे. दोन लाल भोपळे वेलावरच ठेवलेत. देठ वाळून लाकडासारखा कडक झाला की मगच काढायचे, म्हणजे संक्रांतीपर्यंत टिकतात.

संध्याकाळी फडकं हलकंच उचलून पाहिलं. 'पेरू-गूळ'वर धुरकट, तकतकीत पातळ पापुद्रा धरलाय. 'साधा पेरू'वर अजून काही नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

उसाची बरणी आज सुरू केली. ती मूळ बेतात नव्हती. पण पेरूच्या दोन बरण्यांशी तुलना करायला घरच्या भागातली मुबलक गोडी हवी होती, आणि आमच्याकडे ती म्हणजे ऊस. पलीकडच्या वस्तीवरचं गुऱ्हाळ नुकतंच पेटलंय.

रसवंतीचा रस नको होता, त्यात आलं-लिंबू असतं आणि चरकाची स्वच्छताही सांगता येत नाही. गुऱ्हाळात कढईतला रस तापला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात सोडतात, मळी वर येते आणि झाऱ्याने काढून टाकतात. मळी निघाल्यावरचा, अजून न आटलेला, कढत रस मी स्टीलच्या कॅनमध्ये घेतला. गुऱ्हाळाचे दादा म्हणाले, "वहिनी, कच्चा रस नेला असता तर संध्याकाळपर्यंत तार सुटली असती बघा." तार सुटते ती ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूंमुळे. ते साखरेचा बुळबुळीत डेक्स्ट्रान करतात, साखर कारखान्यांनासुद्धा त्याचा त्रास होतो. रस उकळलेला असला की ही भीती नाही.

येताना त्यांनी गरम काकवीची बाटली हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत.

रसाचा आकडा साडेअठरा. एवढ्या गोडीतून जवळपास दहा टक्के अल्कोहोल होईल आणि इतक्या तीव्रतेत साय धरायला फार वेळ घेते. म्हणून सहा लिटर रसाला तीन लिटर उकळून गार केलेलं पाणी घालून आकडा १२ च्या थोडा वर आणला. अंगाइतका कोमट झाल्यावर यीस्ट.

रविवार, २७ ऑक्टोबर

उसाचा रस आंबून शांत झाला. तळचा गाळ सोडून वरचा निवळ रस पसरट बरणीत ओतला आणि गोव्याचं दोन लिटर घातलं. उरलेलं परीक्षेसाठी जपून ठेवलंय.

शुक्रवार, १ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

एका भोपळ्याचा देठ वाळला म्हणून तो काढला. आणलेल्या काकवीत त्याचे घारगे केले. बरण्यांकडे बघायला फुरसत नव्हती आणि गरजही नव्हती.

रविवार, १० नोव्हेंबर

'ऊस' उघडल्यावर नेलपॉलिशसारखा वास आला. हा वास इथिल अ‍ॅसिटेटचा. अर्धं अल्कोहोल, अर्धं आम्ल अशा मधल्या अवस्थेत दोघांच्या संयोगाने तो तयार होतो. आम्ल वाढत गेलं की बहुतेक वेळा आपोआप कमी होतो. बरणी हलवली नाही, ढवळली नाही. साय तुटून तळाशी गेली तर तिला हवा मिळत नाही आणि नवी धरेपर्यंत काम थांबतं.

'पेरू-गूळ'ची साय आता रुपयाएवढी जाड झालीय. बोटाला रबरासारखी लागते. ती म्हणजे जिवाणूंनी विणलेला सेल्युलोज. 'साधा पेरू'वरही शेवटी पातळ साय आली आणि वास तिन्हींत सर्वांत छान तिचाच, पेरू अजून ओळखू येतो.

बुधवार, १३ नोव्हेंबर

तुळशीच्या लग्नाला आवळे, चिंचा, बोरं परसातूनच निघाली. वालपापडी भरभरून येतेय. लवंगी मिरचीची झाडं लाल-हिरव्या मिरच्यांनी वाकलीत आणि तोंडलीचा वेल आवरेना झालाय. दोघी-तिघी शेजारणींना पिशव्या भरून दिल्या, त्यांच्याकडून मेथी आणि ओल्या शेंगा आल्या. शेंगा मीठ घालून उकडल्या आणि ओट्यावर बसून सगळ्यांनी संपवल्या. या दिवसांत भाजी विकत आणायचा प्रश्नच नसतो, आणि मला वर्षातले हेच दिवस सर्वांत आवडतात: पाऊस गेलेला, धुळीला अजून सुरुवात नाही, हात लावावा तिथे काहीतरी तोडायला आलेलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

रात्री गारठा वाढला. कोठीच्या खोलीत पहाटे १८ अंश दाखवतंय. एवढ्यात जिवाणू मरत नाहीत, पण काम फार मंदावतं. तिन्ही बरण्या स्वयंपाकघरात, चुलीच्या भिंतीला लागून हलवल्या. दोघींनी धरून, पाणी न हिंदकळू देता.

रविवार, १५ डिसेंबर, मोजणी

पुतणी बीएस्सीला रसायनशास्त्र शिकते. ती ब्युरेट (खुणा आणि तोटी असलेली काचेची नळी), फिनॉल्फ्थॅलिन (आम्ल संपलं की गुलाबी होणारा दर्शक) आणि आम्ल मारायला कॉलेजात प्रमाणित करून घेतलेलं ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घेऊन आली. पद्धत इथे लिहून ठेवते, पुढच्या वर्षी लागेल.

१० मिली व्हिनेगर शुद्ध पाण्याने १०० मिली करायचं. त्यातलं १० मिली घ्यायचं, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन घालायचं आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत हलवत राहायचं. फिकट गुलाबी रंग येऊन तसाच टिकला की थांबायचं. जितके मिली लागले त्याला ०.६ ने गुणलं की आम्लाचे टक्के. उसाचं व्हिनेगर तपकिरी असल्याने रंग कळेल का ही शंका होती, पण दहापट पातळ केल्यावर स्पष्ट दिसला. प्रत्येकाची मोजणी तीनदा केली, मधला आकडा घेतला.

गोव्याचं विरजण: ६.८ मिली, म्हणजे ४.१ टक्के.
साधा पेरू: ५.२ मिली, ३.१ टक्के.
पेरू-गूळ: ८ मिली, ४.८ टक्के.
ऊस: ८.६ मिली, ५.२ टक्के.

पेरूत स्वतःची सायट्रिकसारखी फळाम्लंही असतात आणि ती या मापात मिसळतात, म्हणजे पेरूच्या दोन्ही बरण्यांत खरं अ‍ॅसेटिक आम्ल यापेक्षा थोडं कमीच धरायचं.

चवीला सगळ्यांनी पहिला नंबर साध्या पेरूला दिला. सासूबाई एकदम खूश, फळाचंच करावं म्हणाल्या होत्या ना! आणि चवीपुरतं त्यांचं पूर्ण खरं आहे. सुगंध, मऊपणा, मागे रेंगाळणारी पेरूची गोडसर आठवण, हे बाकी दोन्हींत नाही. पण ३.१ टक्क्यांवर भाजी टिकवायची जोखीम मी घेणार नाही. बाजारातल्या व्हिनेगरच्या किमान मर्यादेलाही ते पोचत नाही. व्हिनेगर कमजोर असलं आणि त्यात तोंडली, काकडीसारख्या पाणी सोडणाऱ्या भाज्या पडल्या, की आंबटपणा आणखी उतरतो आणि अन्न विषारी करणाऱ्या जिवाणूंना वाट मिळते. हे डोळ्यांना दिसत नाही, वासाला कळत नाही. घरगुती व्हिनेगर न मोजता वर्षभराच्या लोणच्यात ओतू नये, असं माझं ठाम मत आहे.

रविवार, २२ डिसेंबर

वाटप झालं.

'साधा पेरू' कच्चाच, न तापवता, लहान बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये. हा कोशिंबिरीला आणि पाण्यात गूळ-जिऱ्याबरोबर प्यायला.

'पेरू-गूळ' आणि 'ऊस' मलमलीतून गाळून स्टीलच्या पातेल्यात, पातेलं गरम पाण्यात ठेवून ६५ अंशांवर अर्धा तास तापवले, आणि निर्जंतुक केलेल्या बाटल्यांत अगदी गळ्यापर्यंत भरले. भरायला आता उशीर करून चालत नाही. अल्कोहोल संपलं की हेच जिवाणू आम्लावर उतरतात आणि त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. उघडी ठेवलेली बरणी काही महिन्यांत फिकी पडते ती यामुळेच. बाटलीत हवा नको, आत जिवंत जिवाणूही नकोत.

उसाच्या व्हिनेगरमध्ये लगेच तीन बरण्या केल्या. लवंगी मिरच्या चिरा देऊन, लसणीच्या पाकळ्यांसह. तोंडली उभी चिरून, मिठात रात्रभर ठेवून, सुटलेलं पाणी पूर्ण टाकून. नुकत्याच बाजारात आलेल्या लाल कांद्यातले छोटे निवडून, मिरीबरोबर. तिन्हींत व्हिनेगर नुसतं, पाण्याचा थेंब नाही. तरीही फ्रिजमध्येच ठेवल्या.

'पेरू-गूळ' ४.८ असल्याने लोणच्याला नाही. नणंदेला अर्धं पाठवते, तिच्या बांगड्याच्या रेशादसाठी. उरलेलं आमच्या स्वयंपाकात, चिंचेच्या जागी मधूनमधून.

रविवार, ५ जानेवारी २०२५

कांदे मुरले. उसाच्या व्हिनेगरला काकवीसारखा खोल वास आहे आणि कांद्याचा तिखटपणा त्यात गोडावलाय. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हे कांदे. मिरच्या अजून कडक आहेत, त्यांना पंधरा दिवस तरी द्यायला हवेत. तोंडली कुरकुरीत राहिली, मिठात ठेवण्याचा फायदा दिसतोय.

मृग बहाराचे पेरू आता झाडावर पिवळे होतायत. हे खायचे, व्हिनेगरला नाहीत. तरी दोन किलो बाजूला काढून आकडा पाहिला, तर साडेबारा आला, पावसाळी फळापेक्षा तीनने जास्त. म्हणजे पाणी न घालता, गर रात्रभर ठेवून नुसता निथळलेला रस घेतला तर गूळ न घालताही लोणच्याच्या तीव्रतेच्या जवळ जाता येईल, आणि साध्या पेरूचा वासही राहील. 'पेरू-गूळ'वरची जाड साय थोड्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली आहे. गुरुवारी पुतणीला सुटी आहे, तेव्हा दोन लिटरची छोटी बरणी लावायची.